भूकंप अल्लाहच्या हाती, भिंत आपल्या हाती

२१ मार्च २०२४ रोजी रमजानचा दहावा रोजा होता. सहरी आटोपली होती, फजरची जमाअत होऊन गेली होती. कुणी कुरआन उघडून बसले होते, कुणी जरा पाठ टेकली होती. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली, लोक लेकरांना उचलून रस्त्यावर आले. अकरा मिनिटांनी पुन्हा एक धक्का बसला. पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. दोन्हींचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते, पण हादरा परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात असल्याचे सांगण्यात आले.

अल्लाहच्या मेहेरबानीने मोठी हानी झाली नाही. चार दिवस चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, बायकांच्या बैठकीत हाच विषय होता. मग पाचव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. भिंतीला गेलेली तडा चुन्याने बुजवली आणि विषय संपला. आमचे म्हणणे एवढेच आहे, की विषय संपलेला नाही. उलट, त्या धक्क्यांनी कुणाचा जीव न घेता आपल्याला सवड दिली आहे. त्या सवडीचे आपण काय केले, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे.

दोन ठिकाणांच्या मधले गंगाखेड

आपले गंगाखेड गोदावरीच्या काठावर, बालाघाटाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले गाव. संत जनाबाईंचे गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. येथून सरळ रेषेत दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर लातूर जिल्ह्यातील किल्लारी आहे. ईशान्येला ऐंशी-शंभर किलोमीटरवर कळमनुरी आणि वसमतचा भाग आहे, जिथल्या अनेक गावांत गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात आणि अधूनमधून धक्के बसतात. म्हणजे एका बाजूला भूकंपाची आठवण आणि दुसऱ्या बाजूला भूकंपाची जाणीव, या दोहोंच्या मध्ये आपण राहतो.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. तो फार जुना आणि मजबूत आहे, म्हणून इथे भूकंप होणार नाही, असे एकेकाळी मानले जात असे. पण भारताचा भूभाग दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूभागाला रेटतो. हिमालय त्याच रेट्यातून उभा राहिला आहे. त्या रेट्याचा ताण दूर दख्खनपर्यंतही पोहोचतो. कातळाच्या खाली खोलवर जुन्या भेगा आहेत. ताण वाढत वाढत एखाद्या भेगेला असह्य झाला, की ती सरकते आणि वरची जमीन हादरते.

हे कधी होईल, ते जगातला कोणताही शास्त्रज्ञ तारीख-वार सांगू शकत नाही. म्हणून ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप येणार’ असा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नये. खात्री न करता ऐकलेले सगळे सांगत सुटणे हे खोटे बोलण्यासारखेच आहे, अशी आपल्याला शिकवण आहे. लहान धक्के बसले म्हणजे मोठा येणारच, असेही नाही आणि लहान धक्क्यांनी ताण निघून गेला, आता भीती नाही, असेही नाही. ४.५ तीव्रतेच्या धक्क्याच्या तुलनेत ६.२ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा बाहेर पडते. किल्लारीचा भूकंप एवढ्याच तीव्रतेचा होता.

किल्लारीत काय झाले होते

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जनाची रात्र होती, लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. बावन्न गावे नंतर नव्या जागी वसवावी लागली. मृतांत हिंदू होते, मुसलमान होते, गरीब होते, वाड्यांत राहणारे सधनही होते. ढिगाऱ्याने कुणाची जात-धर्म विचारला नाही.

लक्षात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, किल्लारीचा परिसर त्या वेळच्या शासकीय नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा बदलला तो भूकंपानंतर. दुसरी, आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच भागात लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते, काही दिवस बाहेर झोपले होते. नंतर धक्के थांबले आणि लोक पुन्हा त्याच घरांत, त्याच भिंतींच्या आत गेले.

त्या भिंती कशा होत्या, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळे सांगायला नको. आपल्या तालुक्यातल्या डोंगरभागातील गावांत आणि शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत तशीच घरे आजही उभी आहेत. दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड दगडी भिंत, सांध्यात चिखल, वर लाकडी खण आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड, चोराला न फुटणारी, आजोबा-पणजोबांची शान असलेली ही घरे. पण त्या जाड भिंतीच्या पोटात एक कमजोरी असते. बाहेरून दिसते ती एक भिंत. आत मात्र दोन वेगळ्या भिंती असतात. आतला थर एक, बाहेरचा थर एक आणि मध्ये लहान दगड व मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसेल, तर हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि कोसळते. वरच्या माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून टाकून एक-दीड फुटांचा थर झालेला असतो. शेकडो मण माती झोपलेल्या माणसांवर येते. किल्लारीत अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि दगड-मातीने माणसे गाडली गेली.

हीच कथा इतर मुलुखांतही घडली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतात दगड-मातीची घरे कोसळून सुमारे तीन हजार लोक गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतात ६.३ तीव्रतेचे भूकंप झाले, म्हणजे जवळपास किल्लारीएवढेच. ७ ऑक्टोबरचा पहिला भूकंप दिवसाउजेडी झाला. पुरुष कामासाठी घराबाहेर होते, बायका आणि मुले मातीच्या घरांत होती. मृतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महिला आणि मुले असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सांगितले. हा आकडा आपल्या घरातील प्रत्येक कर्त्या पुरुषाने एकदा शांतपणे मनात घोळवावा. घराचा निर्णय बहुधा तो घेतो, पण त्या घरात दिवसाचे सर्वाधिक तास तिचे जातात.

कोपाची भाषा आणि जबाबदारी

भूकंप झाला, की आपल्यात लगेच एक चर्चा सुरू होते. अमुक ठिकाणी पाप वाढले म्हणून अजाब आला, तमुक लोक बिघडले म्हणून जमीन हलली. दिव्य कुरआनात जमिनीच्या हादरण्याच्या नावाची सूरह आहे, सूरह अल्-ज़िलज़ाल. ती वाचून काळीज हलावे, आखिरतची आठवण यावी, तौबा करावी, हे योग्यच आहे. मात्र ती सूरह आपल्याला स्वतःच्या हिशेबाची आठवण करून देते, शेजाऱ्याच्या पापांची मोजदाद करायला सांगत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र ह. इब्राहीम (र.) वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की त्यांच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुःखात असलेल्या पित्याने ते खपवून घेतले नाही. सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही, ती अल्लाहची निशाणी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि लोकांना नमाज व दुआकडे वळवले. निसर्गातील घटनेचा संबंध कुणा माणसाशी जोडू नये, हा धडा आपण किल्लारी, मोरोक्को किंवा हेरातच्या मृतांबाबत विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट तकदीरची. इमारतीखाली दबून मेलेल्या मोमिनाला शहीदाचा दर्जा मिळतो, असे हदीसमध्ये आले आहे. ज्यांची माणसे गेली, त्यांच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. पण तो दिलासा कमकुवत भिंत बांधण्याचा परवाना होऊ शकत नाही. ज्या प्रेषितांनी (स.) हा दिलासा दिला, त्यांनीच कठडा नसलेल्या छतावर झोपण्यापासून सावध केले. त्यांनीच झोपण्यापूर्वी दिवे आणि विस्तव विझवण्याची, दारे लावण्याची, भांडी झाकण्याची ताकीद दिली. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, हेही त्यांनीच शिकवले. छताचा कठडा आणि रात्रीचा विस्तव यांची काळजी घेणारा दीन भिंतीच्या सांध्याबाबत बेफिकीर कसा असेल? जीविताचे रक्षण हे शरीअतच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे. आपले घर ही बायको-मुलांच्या जिवाची अमानत आहे.

जुने घर असेल तर

सगळ्यांनाच जुने घर पाडून नवे बांधणे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण जुने घर जास्त सुरक्षित करता येते. किल्लारीनंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या कार्यक्रमात बावन्न गावांचे स्थलांतर तर झालेच, शिवाय लाखाहून अधिक घरांची त्याच जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्यातून सिद्ध झालेले काही सोपे उपाय असे आहेत.

माळवदावरील मातीचा भार कमी करावा. जास्तीची माती काढून पाणी अडवण्यासाठी जाड प्लास्टिक अंथरून वर पातळ थर ठेवता येतो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरले, तर आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधला जातो. दरवाजांच्या वरच्या पातळीवर घराच्या चारही बाजूंनी तारेची जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा द्यावा. कोपऱ्यातही तसेच करावे. लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे तिरपे आधार ठोकावेत. पोट काढलेला भाग उतरवून पुन्हा बांधावा. हे सर्व जाणत्या माणसाला दाखवून, छताला टेकू देऊनच करावे. घाईने भिंतीला भोके पाडू नयेत.

काही उपायांना तर खर्चच नाही. पत्र्याच्या घरावर वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने हेच दगड काढण्याचे आवाहन केले होते. दगडाऐवजी पत्रा हुकने आणि पट्टीने पक्का बांधावा. खाट दगडी भिंतीला लावू नये, निदान लेकरांची तरी नको. उशाशी वरच्या फळीवर पेटी, हंडे, शिलाई मशीन ठेवू नये. लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्पने बांधावे. दाराच्या वाटेत सामान रचू नये. एक चूक मात्र अजिबात करू नये: जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर विटांचा मजला चढवणे. मुलगा मोठा झाला, लग्न ठरले, वर एक खोली काढली, असे घराघरांत होते. ज्या भिंतीला स्वतःचा भार सांभाळत नाही, तिच्या डोक्यावर आपण नवरा-नवरीचा संसार ठेवतो.

नवे घर बांधताना

सिमेंटचे घर म्हणजे सुरक्षित घर, ही समजूत खरी नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातील फार मोठी संख्या काँक्रीटच्या बहुमजली इमारतींखाली होती. तेथे चांगले नियम कागदावर होते. पण २०१८ मध्ये पैसे भरून बेकायदा बांधकामे नियमित करून घेण्याची सवलत देण्यात आली होती. कागद नियमित झाले, खांब तसेच राहिले.

आपल्याकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाया काळ्या मातीत न संपवता खाली मुरूम किंवा कठीण थरापर्यंत न्यावा. विटांचे घर असेल, तर जोत्याच्या, दार-खिडक्यांवरच्या आणि छताच्या पातळीवर सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा घराभोवती फिरवावा आणि कोपऱ्यांत उभ्या सळया द्याव्यात. पेटीला आपण चारही बाजूंनी दोरी आवळतो, तसाच हा पट्टा घराला आवळतो. पिलरचे घर असेल, तर सळईइतकेच महत्त्व रिंगांना आहे. पिलर आणि बीम जिथे मिळतात, तिथे रिंगा जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोके आत वळवलेली हवीत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि पिलर फुटतो. खाली दुकानांचे मोकळे गाळे आणि वर दोन मजले, अशी रचना बाजारपेठेत फार दिसते. खालच्या मजल्याला भिंतीच नसतील, तर सगळा भार मोजक्या पिलरवर येतो. असे बांधकाम अभियंत्याच्या नकाशाशिवाय करू नये. काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मारावे. घरकुलाचा हप्ता आला नाही म्हणून काम थांबेल, पण हप्ता आला म्हणून पट्टा गाळून घाईने छत टाकू नये.

येथे आम्हांला आपल्याच भावांशी बोलायचे आहे. आपल्या समाजातील कितीतरी हात बांधकामात आहेत. गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर, सिमेंट-लोखंडाचे व्यापारी, छोटे ठेकेदार. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी सूरह अल्-मुतफ्फिफीन आपण तराजूपुरती समजतो. पण सिमेंटची पाटी कमी टाकणे, बारा मिलिमीटरच्या जागी दहाची सळई घालणे, दोन रिंगांत दुप्पट अंतर ठेवणे, हेही मापात मारणेच आहे. धान्यात मारलेले माप माणसाला एक वेळ उपाशी ठेवेल. पिलरमध्ये मारलेले माप कुटुंबच्या कुटुंब संपवू शकते. घरमालकानेही दर पाडताना विचार करावा, की आपण नेमके काय स्वस्त करून घेत आहोत.

बहिणींनो, हे काम तुमचेही आहे

किल्लारीनंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावागावांतील महिलांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. अभियंत्यांकडून त्या मजबुतीकरण शिकल्या, शेजारणींना समजावले, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या या खेड्यांतील बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. फार न शिकलेल्या बायकांनी हे केले. मग घराचे काम चालू असताना रिंगा मोजणे, पाणी मारले का ते पाहणे, हे आपल्या घरातील अम्मी, भाभी, मुलगी का करू शकणार नाही?

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. धक्का बसला, तेव्हा अंगावर ओढणी नाही, बुरखा सापडत नाही, म्हणून बाई दोन क्षण घरात थांबते. हे दोन क्षण फार महाग पडू शकतात. जीव वाचवण्याच्या घडीला जशा आहात तशा बाहेर पडा. शरीअत मजबुरीत सवलत देते. ओढणी, चपला आणि टॉर्च रोज रात्री उशाशी ठेवण्याची सवय केली, तर तो प्रश्नही उरत नाही. घरातील पुरुषांनी ही गोष्ट स्वतः होऊन बोलून दाखवावी, म्हणजे ऐन वेळी बाईच्या मनात किंतु राहणार नाही. नमाजात असताना धक्का बसला, तर जीव वाचवण्यासाठी नमाज तोडण्याची परवानगी आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

दगड-मातीच्या किंवा पत्र्याच्या घरात दाराजवळ असाल, तर लगेच मोकळ्या जागेत जा. अरुंद बोळात दोन भिंतींच्या मध्ये थांबू नका. पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर असाल, तर जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली किंवा खिडकी-कपाटापासून दूर, डोके झाकून बसा. हादरा थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करा. घराला मोठ्या तडा गेल्या असतील, तर आत झोपू नका, कारण मागून धक्के येत राहतात. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

जमाअतीने काय करावे

मशीद आणि मदरसा या जागांवर तर शेकडो जीव एका छताखाली असतात. मशिदींच्या विश्वस्तांनी जुने मिनार, उंच कठडे, भोंगे आणि पाण्याच्या टाक्या एकदा अभियंत्याला दाखवाव्यात. निवासी मदरशांत मुले झोपतात ती खोली आधी तपासावी. जुम्याच्या बयानात एकदा हा विषय यावा. मोहल्ल्यातील गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांना एकत्र बसवून एखाद्या अभियंत्याकडून रिंगा आणि पट्टा यांची माहिती द्यावी. एकट्या विधवेचे, रोजंदारीवाल्याचे पोट काढलेले घर कोणते, याची यादी जमाअतीने करावी आणि सदक्यातून त्याची दुरुस्ती करावी, मग ते घर मुसलमानाचे असो वा शेजारच्या हिंदू भावाचे. लहानगी आत झोपलेली असताना जी भिंत उभी राहील, ती बांधून देणे हा सदका-ए-जारिया आहे, असे आम्ही मानतो.

किल्लारीच्या लोकांना एक वर्ष मिळाले होते. आपल्याला किती वेळ मिळाला आहे, ते फक्त अल्लाह जाणतो. येत्या रविवारी घरातील सगळ्यांनी मिळून आपल्या भिंतींभोवती एक फेरी मारावी, पत्र्यावरचे दगड उतरवावेत, लेकरांची खाट भिंतीपासून सरकवावी. मोठ्या कामाची सुरुवात इतक्या लहान कामापासून होते. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांची हिफाजत करो आणि आपल्याला आपल्या वाट्याचे काम करण्याची तौफीक देवो. आमीन.